हिरवी कडा

उन्हाची तिरीप आधी ओट्यावर उतरली, मग पाण्याच्या पिंपावर रेंगाळली आणि फार सावकाश नानांच्या ताटापर्यंत आली. रोजच्या खोडीप्रमाणे नानांनी मुलाच्या, निरंजनच्या, वाटीतले अळूचे फदफदे चमचाभर आपल्या ताटात घेतले. रक्त पातळ ठेवणाऱ्या त्यांच्या गोळीला अळू चालत नसे. औषधांची यादी दवाखान्यातून थेट त्यांच्या स्मार्ट ताटात येई, आणि गेली चार वर्षे अळू पडताच ताटाची कडा लाल होई.

आज ती हिरवी झाली.

"काय रे, तुझा हवालदार झोपला वाटतं!" नाना हसले.

निरंजनने ताट पुसले, बंद करून पुन्हा सुरू केले. मेथी, पालक, हाती लागेल ते ठेवून पाहिले. कडा हिरवीच राहिली.

"बिघडलंय, नाना. दुरुस्तीला देतो."

"दे उद्या. आज वाढ."

त्याने वाटीभर वाढले. नाना डोळे मिटून, बोटे चाटत जेवले.

ताट बिघडले नव्हते. आता उपयोग नाही म्हणून डॉक्टरांनी काल नानांची सगळी औषधे बंद केली होती, आणि त्या संमतीच्या कागदावर सही निरंजनची होती.