मोकळी मान

तात्या माळी खुर्चीत बसून छताच्या पंख्याकडे कौतुकाने बघत होते. सकाळी अंगणात पाय घसरून पडले, एवढंच निमित्त. एक्स-रेत काहीच दिसलं नव्हतं.

"पडणं लाभलं बघा यांना," त्यांची बायको डॉक्टर मीनलला म्हणाली. "मणक्याचं दुखणं जुनं. कणा आखडलेला, हनुवटी छातीला टेकलेली. वीस वर्षं यांनी माझ्या जोडव्यांशीच संसार केला. आज पडले आणि मान मोकळी झाली."

घरी सोडायचा कागद लिहिणाऱ्या मीनलचं पेन थांबलं. वीस वर्षं न हललेली मान अशी फुकटात मोकळी होत नाही.

"तात्या, आता पापणीशिवाय काहीही हलवायचं नाही," म्हणत तिने दोन्ही हातांनी त्यांचं डोकं आहे तसं धरलं आणि सीटी स्कॅनला नेलं.

स्कॅनमध्ये मानेचं हाड मोडलेलं स्पष्ट दिसलं. ऑपरेशन करून जोडावं लागणार होतं. बायकोने पदर तोंडाला लावला.

स्ट्रेचरवरून तात्या मात्र तिचा चेहरा निरखत होते. "डॉक्टर, जोडताना मान एवढीच वर ठेवा," ते म्हणाले. "हिची जोडवी पाठ झालीत मला."