सायलेन्सर बसवायचा का?

"काढून ठेवलेला सायलेन्सर आता तरी बसव," मेकॅनिक ट्रकखालून म्हणाला. "घरात सहा महिन्यांचं लेकरू आहे. दचकत असेल."

ड्रायव्हर हसला. "बायकोलाही तेच विचारलं. ती म्हणाली, काही नको. रोज सकाळी पाळण्याशेजारच्या खिडकीखाली गाडी चालू करतो, सगळी गल्ली शिव्या घालते, पण पोरगी ढिम्म हलत नाही. बापावर गेलीय, शूर आहे!"

मेकॅनिक बाहेर आला. हात पुसत हळूच म्हणाला, "तुझ्या हाकेला तरी वळते का रे ती?"

त्या संध्याकाळी घरी आल्यावर पाळण्यामागे उभं राहून त्याने लेकीला हाक मारली. मग पुन्हा मारली, ओरडून. स्वयंपाकघरातून बायको धावत आली.

लेक आपल्याच बोटांशी खेळत होती.