गुंडाळीवरच्या मधमाश्या

चर्चमध्ये फादरांचा मदतनीस डीकन तोमाझोने गुंडाळीचं मोकळं टोक उंच व्यासपीठाच्या कठड्यावरून खाली सोडलं आणि समोरच्या बाकावर बसलेला साविनो अर्धवट उठला. त्याने रंगवलेले देवदूत खाली डोकं, वर पाय असे उभे होते.

तोमाझोचं तिकडे लक्ष नव्हतं. रात्रीच्या ईस्टरच्या उपासनेची ही सकाळची तालीम होती. दरवर्षी तो मेणबत्तीचं स्तोत्र छापील पुस्तकातून गायचा. यंदा प्रथमच, पूर्वीच्या काळी गात तसा, कातड्याच्या लांब गुंडाळीवरून गात होता. गाऊन झालेला भाग तो कठड्याबाहेर सोडत होता, म्हणजे खालच्या लोकांना चित्रं दिसावीत. लोकांना दिसत होतं ते असं: आदामचं फळ आभाळात पडत होतं आणि मोशेची माणसं पाय वर करून समुद्र ओलांडत होती.

"साविनो," फादर मिकेले म्हणाले, "ही सगळी मंडळी शीर्षासन का करतायत?"

"मला तर सगळं सरळ दिसतंय!" वरून तोमाझो ओरडला. "काय सुरेख काढलंयस रे!"

साविनोने मान खाली घातली. मजकूर ज्या दिशेने, त्याच दिशेने त्याने चित्रं काढली होती; वरून वाचणाऱ्याला ती सरळ दिसत, खालून बघणाऱ्याला उलटी. अशा जुन्या गुंडाळ्यांवरच्या वाचनालयातल्या पुस्तकात एकेक चित्र वेगळं छापलेलं होतं, पानावर सरळ. त्याला शिकवायला दुसरं होतं कोण? मेंढीचं कातडं खरवडण्यापासून अंड्याच्या पांढऱ्याने सोन्याचा वर्ख चिकटवण्यापर्यंत सगळं तो त्या एका पुस्तकावरून शिकला होता. कातड्याच्या वासाने शेजारणीने दोन वर्षं त्या बाजूची खिडकी उघडली नव्हती.

त्याची बायको पाल्मा शेजारीच बसली होती. "नगरपालिकेत छत्तीस वर्षं डांबरावर 'थांबा' लिहीत होतास," ती म्हणाली, "ते कुणाला वाचता यावं म्हणून?"

"समोरून येणाऱ्याला."

"मग इथे काय झालं तुला?"



"हे बघ, राग मानू नकोस," फादर म्हणाले. "सणाच्या रात्री लोक फिदीफिदी हसले तर मला नाही चालायचं. यंदाही पुस्तकच बरं."

साविनोला राग आला नाही. वाईट मात्र फार वाटलं. सबंध गाव ज्यावरून गाड्या हाकतं ते काढण्यात त्याचा जन्म गेला होता. लोकांनी मान वर करून बघावं असं त्याने हे एकच काही केलं होतं.

पाल्मा उठली. लोंबणाऱ्या गुंडाळीपाशी जाऊन तिने दोन पानांमधली शिवण बोटांनी चाचपली. "ही शिवण माझी. चित्राचं कातडं वेगळं, मजकुराचं वेगळं, असंच आहे ना? मग रडतोस कशाला? उसवायचं, पान फिरवायचं, पुन्हा शिवायचं."

"भोकं जुळतील?" फादरांनी विचारलं.

"ती याने पाडलीयत. रस्त्याचे पट्टे मारणारा माणूस आहे, तसूभर फरक व्हायचा नाही."

मग वेदीपुढच्या पायऱ्यांवर गुंडाळी पसरली गेली. पाल्माने पर्समधून कात्री काढली. साविनो उसवत होता, ती शिवत होती आणि चष्मा नाकावर ओढून तोमाझो सुईत दोरा ओवून देत होता. "दहा चित्रं, वीस शिवणी. सुनेच्या लग्नाचा झगा यापेक्षा अवघड होता," पाल्मा म्हणाली. मधूनच कुणीतरी भाकरीचा तुकडा मोडून खाल्ला. फादरांनी दोनदा घड्याळ पाहिलं, तिसऱ्यांदा तेही गुडघे टेकून कातडं ताणून धरायला बसले.

दुपारी तोमाझो पुन्हा वर चढला. टोक खाली आलं. देवदूत पायांवर उभे होते. आदामचं फळ खाली पडत होतं. मोशे ताठ मानेने समुद्रातून चालला होता, आणि खिडकीतून आलेल्या उन्हात लाटांवरचा वर्ख लखलखत होता. साविनोला हुंदका आवरेना. पाल्माने त्याच्या हातात रुमाल कोंबला.

तेवढ्यात अकरावं, न फिरवलेलं चित्र कठड्यावरून उतरलं. स्तोत्रात मेण देणाऱ्या मधमाश्यांचे आभार मानतात, ते पान. या माश्या साविनोने वेगळ्या चौकटीत काढल्या नव्हत्या. त्या मजकुरात, अक्षराअक्षरांमधून फिरत होत्या. पान फिरवावं तर तोमाझोला ओळी उलट्या वाचाव्या लागल्या असत्या. सगळ्या माश्या डोकं खाली करून होत्या. साविनोला सगळ्यांत जास्त त्याच आवडायच्या. त्या काढायला त्याला तीन महिने लागले होते.

"तेवढ्या माश्या खरवडून काढता येतील?" फादर हळूच म्हणाले. "बाकी सगळं छान झालंय. यांच्यापायी कशाला हसू ओढवून घ्यायचं?"

मागून दार करकरलं. म्हातारा चिचिल्लो खांद्यावर ईस्टरची भलीमोठी मेणबत्ती घेऊन आत आला. दरवर्षी तिला मेण त्याच्याच पोळ्यांचं असे. त्याने मेणबत्ती जागेवर उभी केली, कंबर चोळली आणि मग त्याची नजर वर गेली. तो माश्यांच्या पानाखाली जाऊन उभा राहिला.

"या कुणी काढल्या?"

"मी," साविनो म्हणाला.

"चर्चमध्ये लोक माश्या काढतात त्या कबुतरांसारख्या, पंख पसरलेल्या," चिचिल्लो म्हणाला. "पोळ्यावरची माशी अशी असते. डोकं खाली, कामात. साठ वर्षं बघतोय मी. लेका, तू कुठे पाहिलीस?"

साविनो खरं सांगायला तोंड उघडणार होता. तोच पाल्माने त्याच्या पायावर पाय दिला.

फादर पानाजवळ गेले आणि नीट बघायला त्यांनी एक बोट पुढे केलं.

"हात लावू नका, फादर," चिचिल्लो म्हणाला. "डसतील."

फादरांनी खरंच हात मागे घेतला.