छोटी रायफल

लाईलने रायफल हातात घेतली, लिव्हर खाली ओढून आत गोळी नाही ना ते पाहिलं आणि मग तोंड उघडलं. "ही नको हो, मावशी. मी नॉर्बर्टकाकांच्या छोट्या रायफलीसाठी आलोय. माझ्या पोरीला, टेसाला शिकवायचंय यंदा."

"आधी ही तर बघ," आर्लीन म्हणाली. नवरा वारल्यावर घर आवरून ती बिलिंग्जला बहिणीकडे राहायला निघाली होती. नॉर्बर्टची रायफल विकली तरी परक्याच्या हाती जाऊ नये, एवढंच तिला वाटत होतं.

लाईल बघू लागला. हरणांचा मोसम आला की अर्धं गाव बंदूक घेण्याआधी त्याला विचारायचं, आणि त्याची ऐट त्याला होतीच. नळीत उजेड पाडून त्याने आत डोकावलं. लिव्हर सावकाश चालवली, कुठे अडखळते का ते ऐकलं. मग उघडीच धरून हलवली. "खुळखुळतेय," तो म्हणाला. स्क्रूंच्या खाचा पाहिल्या. त्या अगदी शाबूत होत्या, म्हणून तो गप्प राहिला. भाव पाडायचा तर चांगलं बोलून कसं चालेल? मग समोर लहानपणी आपल्याला पॅनकेक करून वाढणारी बाई का असेना.

खांद्याला टेकवायच्या लाकडी दस्त्याच्या टोकाशी त्याचा अंगठा थांबला. तिथे बारीक रेघ होती. लाकूड कापून पुन्हा चिकटवलेलं होतं.

"सापडलं!" लाईल खूश झाला. "अक्रोडाचा इतका देखणा दस्ता, आणि कुण्या गाढवाने करवत चालवलीय! पार वाट लावली, मावशी. हिला आता कुत्रं विचारणार नाही. जाऊ दे, ती छोटी दाखवा."

आर्लीनने कॉफीचा कप खाली ठेवला. "छोटी कधी नव्हतीच रे."

"असं कसं? पहिलं हरीण मी तिच्यानेच पाडलं!"

"तुझा बाप घर सोडून गेला, तेव्हा नॉर्बर्ट तुला शिकवायला लागला. तुझा हात काही लिव्हरपर्यंत पोचेना. रडवेला झालास. आमच्याकडे ही एकच रायफल. त्याने त्याच संध्याकाळी हिचा दस्ता कापला, आणि तुला सांगितलं, छोटी आणलीय म्हणून. मग तू मोठा होईपर्यंत तीच आखूड वापरली त्याने. बार काढला की स्वतःचाच अंगठा नाकावर बसायचा. मोसमभर नाक सुजलेलं."

लाईलचे कान तापले. रायफल खाली ठेवायची लाज वाटली, आणि हातात धरायचीही. मावशीकडे बघणं तर त्याला जमेचना.

"टेसाचा हात पोचेल का रे हिला?"

त्याने नकारार्थी मान हलवली.

आर्लीन उठली. फडताळातून नॉर्बर्टची करवत काढून तिने त्याच्यापुढे ठेवली.

"मग हो आता तूही गाढव."