चार बोटं उजवीकडे

ओळंबा डोलकाठीपासून चार बोटं उजवीकडे लटकला, तसा काशीनाथ सुतार नुसता "हं" म्हणाला. ज्युलियस तसा साठी ओलांडलेला गडी, पण दवाखान्यात रिपोर्टची वाट बघत बसल्यासारखा सुताराच्या तोंडाकडे बघत होता.

चौक गावच्या किनाऱ्यावर भरतीचं पाणी चढलं होतं आणि होडी उजव्या कुशीवर झुकून उभी होती. होडीचं नाव 'रेजिना', दोघा भावांची. डावीकडची जागा थोरल्या बस्त्यावची, उजवीकडची ज्युलियसची. तिथूनच तो जाळं ओढायचा. होडी गेली काही वर्षं उजवीकडे जराशी झुकायचीच. विचारलं की बस्त्याव हसायचा. "खोड हाय तिची. तुझ्यात काय कमी हायत?" मार्चात बस्त्याव गेला. ऑगस्टात ज्युलियसने एकट्याने होडी बाहेर काढली, तर ती इतकी कलली की लाटेसरशी पाणी आत यायला लागलं.

"लाकूड सडलंय, पप्पा," त्याची मुलगी ॲलिसन म्हणाली होती. "मोडून टाका. आणि माझ्याकडे राहायला या." ॲलिसनचा फ्लॅट पेणकरपाड्यात, सातव्या मजल्यावर. तिथून समोरच्या इमारतीचा सातवा मजला दिसतो. ज्युलियस म्हणाला, काशीनाथदादा येऊ दे, तो सांगेल ते. आता काशीनाथ आला होता आणि ज्युलियसला वाटत होतं, नसता बोलावला तर बरं झालं असतं.

काशीनाथने जाळी उतरवली, बर्फाची पेटी उतरवली, डिझेलचा कॅन उतरवला. होडी तशीच. मग लाकडी हातोडीने फळी न् फळी वाजवत कान लावून तो पुढे सरकला. याच फळ्यांवर दोघा भावांनी एका डब्यातली भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी खाल्ली होती. इथेच बसून बस्त्याव वाऱ्यावर ओरडायचा, "ए जुल्या, झोपलास काय?" आणि जुल्या मुद्दाम घोरायचा. त्या हाकेसाठी त्याचा जीव आजही तुटत होता.

"लाकूड खणखणीत हाय," काशीनाथ म्हणाला. "होडीला कायबी झालेलं न्हाय. ही फळी कोनी ठोकली?"

उजव्या कडेला तळाची एक फळी स्क्रूने पक्की केलेली होती. वर रंगाचे थरावर थर. ज्युलियसला काहीच माहीत नव्हतं. पावसाळ्यात होडी वर ओढली की डागडुजी, रंग सगळं बस्त्यावच करायचा. बारा वर्षांपूर्वी हाताला वेढा पडलेल्या दोराने ज्युलियसचा खांदा निखळवला होता. तेव्हापासून थोरला त्याला हातोडीला हात लावू देत नव्हता.

फळी निघाली. खाली पाच दगड. किनाऱ्यावरचेच, मोठाले, गोल, जुन्या निळ्या जाळ्यात एकेक गुंडाळून काथ्याने घट्ट बांधलेले. गाठ उलटी होती. बस्त्याव डावखुरा होता.

"बघितलंस!" ज्युलियस भडकला. "मला म्हनायचा खोड हाय. आनि हा स्वतःच दगड भरून बसलाय! मला एका शब्दानं सांगितलं न्हाय. ॲलिसन तर होडी मोडायला निघाली होती. काढ सगळे."

दगड किनाऱ्यावर गेले. होडी हलली, डुलली आणि सरळ उभी राहिली. ओळंबा डोलकाठीला लागला. ज्युलियसला इतका आनंद झाला की त्याने तिथूनच ॲलिसनला फोन लावला. "सडलेलं कायबी न्हाय, कळलं? येत न्हाय मी तुझ्याकडं." मग सामान चढवून काशीनाथला इंजिनापाशी मधोमध बसवलं आणि होडी खाडीच्या तोंडाशी नेली. जाळं सोडलं. घटकाभर थांबून नेहमीसारखा उजव्या कडेला बसला आणि न बघता ओढायला हात खाली घातला.

हाताला वारा लागला.

त्याने खाली पाहिलं. बोटं आणि जाळ्याचा दोर यांच्यात चार बोटांचं अंतर होतं. त्याने हात ताणला. खांद्यातून कळ आली, अगदी तीच जुनी. खांदा निखळला तेव्हा डॉक्टर म्हणाला होता, हा हात यापुढे एवढाच खाली जाणार. तो अख्खा मोसम ज्युलियस बायकांच्यात बसून मासळी निवडत होता आणि रडू येऊ नये म्हणून सगळ्यांवर खेकसत होता. मग वेलंकनी माउलीला नवस बोलला. पुढच्या मोसमात होडीत बसला, हात घातला, आणि हात पोचला. तेव्हापासून दर सप्टेंबरला तो माउलीला मेणाचा एक हात वाहायचा. बस्त्याव शेजारी मेणबत्ती धरून उभा असायचा आणि सगळ्यांत मोठ्याने "आमेन" म्हणायचा.

"काय झालं रे?" काशीनाथने विचारलं.

दगडांभोवतीचं निळं जाळं त्याच मोसमातलं होतं, हे ज्युलियसला आत्ता आठवलं. त्याने डावीकडच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. डोळे भरून आले, ते त्याने पुसलेही नाहीत.

"दादा, किनाऱ्याला घे. दगड परत बसवायचे हायत."

"अरे, पुन्हा कलंडेल ती. पानी येईल आत."

"पाच नको, तीनच बसव," ज्युलियस म्हणाला. "दोन डावीकडच्या त्याच्या वजनापायी जास्ती घातलेले."