माळावरचा देव

मेटल डिटेक्टर घेऊन माळ धुंडाळणाऱ्या तुळशीरामने काळा दगड प्रयोगशाळेत कुमुदच्या टेबलावर ठेवला. दगडाला शेंदूर फासलेला होता.

"आभाळातून पडलाय, मॅडम. लोहचुंबक चिकटतं. म्हणून देव्हाऱ्यात ठेवला होता."

कुमुदने कोपरा घासून यंत्राखाली धरला. उल्का नव्हती. साथीच्या साली सगळ्यांना टोचलेल्या लसीतले लोहकण वितळून त्यांचा गोळा झाला होता. माणसाला भट्टीत जाळलं की मागे एवढंच उरतं.

तिच्या बाबांना त्याच साली छावणीत नेलं होतं. 'मी बरा आहे' अशी त्यांची छापील पत्रं अजून दर महिन्याला येत होती.

"असे अजून किती आहेत?"

"अख्खा माळ वाजतोय, मॅडम."

कुमुदने टेबलाखाली चपला काढल्या.

"देव्हाऱ्यातच ठेवा," ती म्हणाली.