एकतीस वर्षांची बाटली

लग्नाच्या वर्षी घेतलेली रेड वाइनची बाटली त्याने एकतीस वर्षं जपली होती. बायको गेल्यावर ती एकट्याने उघडवेना, म्हणून तो ती आपल्या वाइन चाखणाऱ्या मंडळात घेऊन आला. जिभेवर तरी बायको क्षणभर परत येईल, एवढीच आशा.

मंडळात चौघे: दातांचा डॉक्टर, शिंपी, निवृत्त मास्तर आणि तो. चव आधी चिठ्ठीवर लिहायची, मगच तोंड उघडायचं, असा नियम. नाहीतर एक म्हणतो चेरी आणि सगळ्यांना चेरीच लागते.

"जपून ओत रे, म्हातारी झालीय," डॉक्टर म्हणाला.

"आणि आपण काय पोरं आहोत?" शिंप्याने टोमणा मारला.

चौघांनी घोट घेतला. त्याला नुसतं पाणी लागलं. त्याने चिठ्ठी कोरीच ठेवली.

चिठ्ठ्या उलटल्या. डॉक्टरची: 'ओले केस, लवंग.' मास्तरांची: 'लवंग, खोकल्याचं औषध.' शिंप्याची: 'लोकरीची शाल, ओले केस.'

शेवटच्या आजारात ती दाढेखाली लवंग धरून, शाल गुंडाळून बसायची. न्हाल्यावर केस कधी धड पुसायची नाही. पण या तिघांनी तिला पाहिलंच नव्हतं. तो मंडळात आला, तो ती गेल्यावर.

त्याने घाईघाईने ग्लास पुन्हा भरला. पुन्हा पाणीच.

"मलाच का लागत नाही?" त्याने विचारलं.

कोणी त्याच्याकडे पाहिलं नाही. तिघेही त्याच्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे वाकून, कान देऊन ऐकत होते.

मग शिंप्याने मान डोलावली. "बरं वहिनी," तो हळूच म्हणाला, "नाही सांगत त्याला."